हप्त्याचा बुधवार

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मी ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या महिला बचत गटांची सीआरपी आहे. कागदावर समुदाय संसाधन व्यक्ती, गावात नुसती ‘गटवाली ताई’. बैठका घ्यायच्या, वह्या लिहायच्या, बँकेच्या कर्जाच्या फायली करायच्या, आणि शिवाय जे अंगावर येईल ते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. माहेरवाशिणी यायला लागल्या होत्या, घरोघरी सांजोऱ्यांची तयारी चाललेली. सकाळी आठच्या आत फोन आला, “ताई, वहिनीच्या दारात बाया बसल्यात, लवकर ये.” ही वहिनी आमच्या एका गटातली सभासद. नवरा-बायको दोघं मजुरी करायचे. पंधरवड्याआधी नवरा छातीत कळ येऊन गेला. जमीन नाही, दोन मुली शाळेत, सासूला दिसत नाही. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. यंदा तिला ती नवऱ्याच्या नावानं भरायची होती.

तिच्यावर फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. मला वाटलं, कंपनीचा माणूस आला असेल. तो नव्हताच. ओट्यावर बसलेल्या सात-आठ जणी सगळ्या गल्लीतल्याच होत्या. त्यातल्या निम्म्या दर मंगळवारी माझ्या बैठकीत मांडीला मांडी लावून बसतात.

फायनान्सच्या गटाची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तारण काहीच नसतं, बायकाच एकमेकींना जामीन. बुधवारी सर, म्हणजे कंपनीचा वसुलीचा माणूस, येतात, सतरंजीवर सगळ्या बसतात, आणि एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांनी तो भरेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत. कांदे काढणीचे दिवस. अकरापर्यंत तिथंच अडकलं की त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून सर यायच्या आधीच या वहिनीकडे आल्या होत्या. एक जण मला बघून म्हणाली, “आम्हले बी पोट शे ना व ताई.” खोटं नव्हतं तेही.

वहिनी उंबऱ्यात बसून एवढंच म्हणत होती, “मनी सही शे, मी भरसू. पन आज कोठेन भरू?”

मी तिला कर्जाचं कार्ड मागितलं. ते पिठाच्या डब्यामागं, रेशनकार्डाच्या पिशवीत होतं. घडीवर फाटलेलं. वर हप्त्यांचे रकाने, प्रत्येकापुढं सरांची तीच गिचमिड सही. उजव्या कोपऱ्यात दोन फोटो स्टेपल केलेले, एक तिचा, एक नवऱ्याचा. नवरा सहकर्जदार. आणि अगदी तळाशी, बोट ठेवून वाचावं लागेल अशा अक्षरात, कर्ज देताना कापलेल्या रकमेचा हिशेब. त्यात एक ओळ: विमा, कर्जदार व सहकर्जदार.

म्हणजे दोघांपैकी कुणी गेलं तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटायचं. पैसे पहिल्याच दिवशी कापून घेतलेले. तिला हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं. नवऱ्याचं बँकेचं पासबुकही बघितलं. त्यात 20 रुपयांची कपात होती, पण तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, फक्त अपघाताचा. साध्या मृत्यूला चालणारा जीवन ज्योती 436 रुपयांचा असतो. कपातीच्या दिवसांत नवऱ्याच्या खात्यात तेवढी शिल्लकच नव्हती.

सरांना फोन लावला. “ते क्लेमचं नंतर बघू ताई, आज हप्ता तेवढा होऊ द्या.” मी विचारलं, आज या बायकांना सकाळी सातला तुम्हीच फोन केले होते ना? रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे, सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. प्रशिक्षणात ऐकलेलं असतं, पण कामाला येतं असं क्वचितच. सर गप्प झाले, मग म्हणाले, शाखेत या, फॉर्म देतो.

दुपारी अंगणवाडीत ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाची, तातडीची बैठक घेतली. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या जोखीमप्रवणता निधीतून वहिनीला बिनव्याजी 5000 रुपये द्यायचं ठरलं, आणि घरटी थोडं धान्य. सकाळी ओट्यावर सगळ्यात मोठ्यानं बोलणारी बाई कळण्याच्या पिठाचा डबा घेऊन सगळ्यात आधी आली. तिला दुतोंडी म्हणणारे गावात निघाले. मला तसं वाटत नाही. बुधवारच्या गटात तिच्या हातात दुसरं काही नव्हतंच. वहिनीचा हप्ता तिच्या मजुरीतून जाणार होता. मंगळवारच्या गटात पैसा आमचा, म्हणून कुणाला किती सवलत द्यायची तेही आम्हीच ठरवतो. अर्थात बँकेचं कर्ज थकायला लागलं की मीही लोकांच्या दारात जाते, उगाच साधूपणा कशाला सांगू.

पुढचं काम कागदांचं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत झाली की बरं पडतं, नंतर वरच्या परवानग्या लागतात. तेवढी वेळेत झाली. दाखला, दोघांचे आधार, कार्डाची झेरॉक्स शाखेत दिली आणि पोच शिक्क्यासकट घेतली. तोंडी ‘जमा झालं’ मी मानत नाही. वहिनीचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, म्हणून राष्ट्रीय कुटुंब लाभाच्या 20,000 चा अर्ज भरला. घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर तो मिळतो. संजय गांधी निराधारचाही भरला, महिना 1500 चा. त्याला वर्षाच्या 21,000 च्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. ती फाईल अजून चालू आहे.

क्लेम पावसाळ्यात मंजूर झाला. बाकी शून्य असं पत्र आलं, ते वहिनीनं रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवलं. आता आमच्या बैठकीत बचत गोळा झाली की ज्यांनी कार्डं आणलीत त्यांची वाचतो. एकीच्या कार्डावर विमा फक्त तिचाच निघाला. पुढच्या बुधवारी तिनं सगळ्यांसमोर सरांना विचारलं, “मना नवराना विमा कोठे शे?” सर म्हणाले, ऑफिसात विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. ती दर बुधवारी विचारते.