तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं घरपोच आहे, तरी बाबा का खंगतात?

साताऱ्यात माझा दवाखाना आहे. पुण्या-मुंबईहून पेशंटच्या मुलांचे फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, डबा लावलाय, औषधं घरपोच येतात, कॅमेरा बसवलाय. रिपोर्टही नॉर्मल. मग बाबा का खंगत चाललेत?"

मला विचाराल तर, बरंचसं या सोयींमुळेच. डबा, औषधं, वीजबिल सगळंच घरात उरकल्यावर म्हाताऱ्यानं पायात चप्पल सरकवायची कशासाठी? आणि बाहेरच पडला नाही, तर माणसं भेटणार कुठून?

एकटेपणा म्हणजे मनाचे चोचले नव्हेत. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड या अमेरिकी संशोधिकेनं २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन लाखांवर माणसांचे. ज्यांची लोकांत ऊठबस चांगली, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात एकटेपणाशी जोडलेल्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार आहे. आजारी माणूस आपसूक घरात अडकतो, हे खरंच. पण मुळातली तब्येत हिशेबात धरूनही फरक उरतो.

एकटेपणाच्या सततच्या ताणानं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, बीपी चढतं, झोप तुटते. हे पुस्तकातलं. मला दिसतात त्या गोळ्यांच्या पट्ट्या. एक आजोबा बीपी वाढलं म्हणून आले, तर सकाळची पट्टी रिकामी आणि रात्रीची जवळपास भरलेली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "ती जेवणानंतरची ना? रात्री एकट्यासाठी कोण ताट वाढून घेतंय! दूध-बिस्किटावर भागतं." कॅमेऱ्यात हे दिसत नाही. शेजारीण असती तर तिला दिसलं असतं.

एकटं राहणारे सगळेच एकाकी नसतात, बरं का. राजवाड्यापाशी गोलबागेत रोज भांडणारे काही म्हातारे मला ठाऊक आहेत, घरी कुणी नाही आणि तब्येती ठणठणीत. उलट भरल्या घरात आजीशी दिवसभर कुणी बोलत नाही, हेही पाहतो.

म्हणून ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांच्यापुरता माझा सल्ला असतो, औषधं घरपोच मागवणं बंद करा. मुलांना तो आवडत नाही. एकानं मात्र ऐकलं. त्याचे बाबा आता मोती चौकापर्यंत चालत जातात. गोळ्या पाच मिनिटांत मिळतात, बाबा दीड तासानं परततात. परवा मुलाचा पुन्हा फोन, आता तक्रार वेगळीच: "संध्याकाळचा फोनच उचलत नाहीत हो!"