चिलापी खायची का नको?

"सर, चिलापीत किडे असत्यात म्हणे. खायची का नको?" हुक्केरी-संकेश्वरकडं कुठंही गेलो की चिलापीबद्दल, म्हणजे तिलापिया माशाबद्दल, हा प्रश्न येतोच. एकदा तर पंगतीत, हातात घास असताना आला. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी तोंडी परीक्षा काही संपली नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नीट शिजवा आणि बिनघोर खा. मूळची आफ्रिकेची ही चिलापी 1952 साली आपल्या देशात आली. तिच्या कल्ल्यांवरचे बारीक कृमीही तिच्यासोबत देशोदेशी फिरले, पण ते बहुतेक तिच्याच गोतावळ्यात राहतात, मरळीच्या वाटेला सहसा जात नाहीत. चिलापीवर माझे दुसरे आक्षेप आहेतच. एकदा शिरली की तळं बळकावते. किड्यांपायी मात्र तिची बदनामी जरा जास्तच झालीय.

किडे पसरवण्याबाबत माझा संशय गवत्यावर, म्हणजे ग्रास कार्पवर, ज्याला आपण पैसे मोजून आणतो. पूर्व आशियातला हा मासा तण खायला म्हणून जगभर नेला, आपल्याकडं 1959 साली आला. त्याच्या आतड्यातली पट्टकृमीही, म्हणजे फितीसारखी चपटी कृमीही, जगभर पोचली. परमुलखात परोपजीवीची बऱ्याचदा अडचण होते: मधल्या टप्प्याला एखादी ठरावीक गोगलगाय लागते, ती तिथं नसते, वंश खुंटतो. या पट्टकृमीला लागतो सायक्लॉप्स, पाण्यातला अगदी बारीक जीव. नारू बघितलेल्या पिढीला तो सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी फडक्यानं गाळायचो ते त्याच्यासाठीच. 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला, सायक्लॉप्स आहे तिथंच आहे. कृमीची अळी पोटात असलेला सायक्लॉप्स माशाच्या पिल्लानं गिळला की आतड्यात कृमी वाढते, कधी आतडंच तुंबवते. पिल्लू कुठल्या जातीचं, याचं तिला सोयरसुतक नाही. दोनशेहून जास्त जातींत ती सापडलीय, डासांसाठी सोडतात त्या गप्पीतसुद्धा. अमेरिकेत फक्त कोलोरॅडोच्या खोऱ्यात आढळणारा एक कुबडवाला मासा आहे, त्यालाही तिनं गाठलं.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्यानं बोलावून घेतलं. त्याच्या कृषी होंड्यातली, म्हणजे शेततळ्यातली, कटला माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) हातात घेतली, तर पराच्या बुडाशी लाल चट्टा आणि त्यातून लोंबणारा पांढरा दोरा. चिमट्यानं ओढला, तुटला. जहाजाच्या नांगरासारखं डोकं मांसातच राहिलं. भिंगाखाली टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या दिसल्या. हा किडा पट्टकृमी नव्हे, खेकडा-कोळंबीच्या गोत्रातला. मांसात रुतते ती मादी. नर मिलन झालं की मरतो. "बिचारा," मेहुणा म्हणाला.

"बी कुठनं आणलंस?"

"लांबनं, दाजी. ऑक्सिजनच्या पिशव्यांतनं."

"आणि पिशवीतलं पाणी?"

"त्ये बी ओतलं की आत."

पावसाळ्यात त्याचा होंडा भरून सांडतो, पाणी ओढ्याला मिळतं, ओढा घटप्रभेला. शिवाय तेच ओलं जाळं शेजारच्या होंड्यात मागून नेतात. म्हटलं, जाळं उन्हात खडखडीत वाळव, नवी बोटुकली आधी वेगळ्या टाकीत ठेव आणि पिशवीतलं पाणी होंड्यात ओतू नकोस.

"मग टाकू कुठं?"

"नारळाच्या बुडात."