द्राक्षाचा हंगाम आणि सीमेपलीकडचे कर

बांगलादेश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये ताज्या फळांवरील पूरक शुल्क (आयात शुल्काच्या वर लागणारा वेगळा कर) २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेले, तेव्हा सांगली जिल्ह्यातील आगाप, म्हणजे लवकर छाटलेल्या बागांमध्ये द्राक्षाची काढणी सुरू झालेली होती. बांगलादेशातल्या आयातदारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे हे शुल्क काही अंशी खालीही आणले गेले, पण तोवर हंगामाचा बराच भाग हातचा गेला होता. भारतीय द्राक्षांच्या मोठ्या ग्राहकांमध्ये नेदरलँड्सच्या जोडीने बांगलादेशाचे नाव घ्यावे लागते. त्यामुळे ढाक्यात निघालेल्या एका आदेशाने तासगाव-कवठेमहांकाळच्या बागेतला दर हलतो, ही गोष्ट आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

माझ्या चुलत्यांची तासगाव तालुक्यात बाग आहे. द्राक्षाचे वेळापत्रक मी लहानपणापासून जवळून पाहत आलो आहे आणि शेजारी देशांशी व्यापार सुलभ करण्याच्या चर्चेत हे वेळापत्रक कुठेच दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. एप्रिलमध्ये नव्या काड्या तयार होण्यासाठी खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घड येण्यासाठी फळछाटणी. माल कोणत्या बाजारासाठी काढायचा, विरळणी (घडातले जादा मणी काढणे) किती करायची, डिपिंगवर (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्यावर) किती खर्च करायचा, हे सगळे फळछाटणीच्या आसपास ठरते. युरोपला पाठवायचा माल असेल तर औषधांच्या अंशाची तपासणी आणि बागेची नोंदणी यांची तयारी त्याआधीपासून असावी लागते. एकदा घड धरला की बागायतदाराच्या हाती फारसे काही उरत नाही.

बांगलादेशाचे आर्थिक वर्ष जुलैत सुरू होते आणि अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला जातो. जूनमध्ये शुल्क वाढले तर ते जड जाईल, पण परवडेल. छाटणीला अजून अवकाश असतो, बेदाण्याकडे वळता येते, देशातल्या बाजारपेठा धुंडाळता येतात. जानेवारीत वाढलेल्या शुल्काला असे कोणतेही उत्तर नसते. व्यापारी बागेत येऊन दर ठरवताना हे वाढीव शुल्क आपल्या हिशेबातून आधीच वजा करतो, आणि साखर भरलेला माल वेलीवर राखून ठेवता येत नसल्याने बागायतदाराला तो दर स्वीकारावा लागतो. शुल्क भरतो आयातदार. पण त्यातला किती वाटा कुणाच्या माथी पडणार, हे कोण थांबू शकतो आणि कोण नाही यावर ठरते. मे २०२२ मध्ये परकीय चलन वाचवण्यासाठी बांगलादेशाने शंभराहून अधिक वस्तूंवर नियामक शुल्क (आयात आवरण्यासाठी लावले जाणारे आणखी एक शुल्क) वाढवले आणि फळांवरचे ते ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले. त्या निर्णयामागची अडचण खरी होती. डॉलरचा तुटवडा त्या देशाला तेव्हा जाणवू लागला होता. माझा आक्षेप शुल्क लावण्याला नाही, ते पूर्वसूचना न देता आणि हंगामाच्या मध्यावर बदलण्याला आहे.

या बाबतीत आपली बाजू स्वच्छ आहे असे मात्र म्हणता येत नाही. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांद्याची निर्यात एका आदेशाने बंद केली. त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना नवी दिल्लीत आल्या होत्या, आणि असे काही करायचे असेल तर आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी तिथल्या जाहीर कार्यक्रमात बोलून दाखवले. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. नाशिकच्या कांदा उत्पादकाचे नुकसान झालेच, शिवाय ढाक्यातल्या ग्राहकाला चढा दर मोजावा लागला आणि तिथल्या आयातदाराने दुसऱ्या देशांचे दरवाजे ठोठावले. जी अनिश्चितता आपण कांद्यात निर्माण करतो, तीच आपल्याला द्राक्षात भोगावी लागते.

शुल्काइतकाच महत्त्वाचा प्रश्न सीमेवरच्या वेळेचा आहे. आमच्याकडे काढणीच्या दिवशी बायका पहाटेच बागेत येतात. घड देठाला धरूनच उतरवायचा, मण्यांना बोट लावायचे नाही, कारण बोट लागले की मण्यावरचा पांढरट थर पुसला जातो आणि माल शिळा दिसू लागतो. शेडमध्ये टोकदार कात्रीने फुटके, बारीक मणी काढून टाकले जातात आणि घड अलगद पेटीत बसवला जातो. एवढ्या निगुतीने भरलेला हा माल सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून पश्चिम बंगालमधील पेट्रापोलला पोहोचतो. तिथे गाडीला रांगेत थांबावे लागते, मग ती पलीकडे बेनापोलला जाते आणि तिथे सगळ्या पेट्या उतरवून बांगलादेशी गाडीत चढवल्या जातात. जागतिक बँकेने २०२१ च्या अहवालात नोंदवले आहे की पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला कित्येक दिवस लागतात, तर पूर्व आफ्रिकेसह इतर भागांत तेवढीच वाहतूक हाताळणाऱ्या सीमांवर हे काम सहा तासांच्या आत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये पेट्रापोलला एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला, इमारती आणि वाहनतळ सुधारले, तरीही ही स्थिती होती.

पूर्व आफ्रिकेने केले ते समजायला अवघड नाही. केनिया आणि युगांडा यांच्यातील बुसिया आणि मालाबा येथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात, त्यामुळे गाडी दोनदा थांबत नाही आणि कागद दोनदा तपासले जात नाहीत. झांबिया आणि झिम्बाब्वे यांनी चिरुंडू येथे डिसेंबर २००९ मध्येच ही पद्धत सुरू केली होती. आपल्याकडे बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहन करार केला. त्यानुसार मालाची गाडी सीमेवर रिकामी न करता थेट पुढे जायची होती. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो मंजूर केला नाही, उरलेल्या तिघांनी पुढे जायचे ठरवले, आणि नियमावलीच्या चर्चेतच वर्षे गेली.

इथे मला सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ आणि कर्नाटकातील कागवाड यांच्यामधला रस्ता आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा सीमावाद मिटलेला नाही, तरी १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे तपासणी नाके उठले. विजापूर आणि अथणीकडचा बेदाणा सांगली-तासगावच्या सौद्यांत येतो, तो नाक्यावर अडकून पडत नाही. दोन सरकारांचे सगळे प्रश्न सुटेपर्यंत व्यापाराने थांबले पाहिजे असे नाही, एवढे तरी यातून दिसते. देशांच्या सीमेवर सुरक्षा, चलन आणि रोगराईची तपासणी हे वेगळे विषय आहेत आणि ते हलके मानून चालणार नाही, पण फळांच्या तपासणीचा एका देशातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला दुसऱ्याने स्वीकारायला सुरक्षेची कोणतीही अडचण नाही.

बेदाण्याची गोष्ट निघाली म्हणून त्याची दुसरी बाजूही मांडतो. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००६ पासून लागू झाला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने त्यातील अल्पविकसित देशांसाठी दारू-तंबाखूसारख्या २५ बाबी वगळता सर्व मालावरील शुल्क शून्य केले. अफगाणिस्तान त्यात येतो. अफगाण बेदाण्याशी आमची स्पर्धा आहे, ती मी न्याय्य मानतो. पण चीनचा बेदाणा अफगाण म्हणून आत येत असल्याची आमच्या उत्पादकांची तक्रार आहे, आणि मूळ देशाचे दाखले काटेकोरपणे तपासले गेले नाहीत तर शेतकऱ्याचा अशा करारांवरचा विश्वासच उडेल.

गुंतवणुकीबाबत थोडक्यातच लिहितो. एप्रिल २०२० मध्ये भारताने सीमा लागून असलेल्या सर्व देशांच्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक केली. त्यामागचा रोख चीनकडे होता, पण बांगलादेशी गुंतवणूकदारांना ही अट त्याआधीपासूनच होती, आणि ढाक्यातल्या फळ आयातदाराला मिरजेच्या शीतगृहात भागीदारी घ्यायची असेल तर त्याचीही त्यातून सुटका झाली नाही. अशी भागीदारी झाली तर खरेदीदार हंगामभर बांधलेला राहील. लहान प्रक्रिया आणि साठवण प्रकल्पांसाठी वेगळी, सोपी वाट असायला हवी होती.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आहे. नाशवंत माल शक्य तितक्या लवकर मोकळा करावा, असे त्याचे सातवे कलम सांगते. नवे नियम लागू होण्याआधी ते व्यापाऱ्यांना कळवावेत, असेही त्यात दुसऱ्या कलमात आहे. मात्र शुल्काच्या दरांतील बदल या तरतुदीतून वगळलेले आहेत. आमचे नुकसान नेमके याच वगळलेल्या जागेतून होते. ती जागा भरण्यासाठी भारत आणि बांगलादेश यांनी ठरावीक नाशवंत मालांची यादी करून हंगामाचे महिने लिहून घ्यावेत: द्राक्षासाठी जानेवारी ते एप्रिल बांगलादेशाने शुल्क वाढवायचे नाही, आणि कांद्यावर निर्यातबंदी आणायची तर भारताने ठरलेल्या मुदतीची सूचना द्यायची व वाटेत असलेला माल पोहोचू द्यायचा. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये दोन्ही देशांनी सूत आणि तयार कपड्यांच्या वाहतुकीसाठी आपापली भू-बंदरे (जमिनीवरच्या सीमेवरून मालाची ये-जा होणारी ठाणी) एकमेकांना बंद केली, त्यामुळे आजच्या वातावरणात ही मागणी भाबडी वाटेल. तरीही जिल्ह्यातील बागायतदार संघांनी आणि खासदारांनी ती लेखी स्वरूपात वाणिज्य मंत्रालयाकडे न्यावी आणि येत्या फळछाटणीच्या आत तिचे उत्तर मागावे.