तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्यांचा सीझन नसतो तेव्हा मी काय करतो

सोलापुरात सात रस्त्याला कुणी ओळखीचं भेटलं की हे विचारतंच, घोड्यांचे फोटो काढता ना, मग बाजार उठला की वर्षभर काय करता? घाईत नीट सांगता येत नाही म्हणून इथं लिहितोय.

माझा सीझन म्हणजे दिवाळीला अकलूजचा घोडेबाजार, दत्तजयंतीला सारंगखेडा, मधेमधे लग्नं, आणि मग एकदम आषाढी. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात आठ वाजताच ऊन असं चटकतं की जनावर सावलीतून हलत नाही आणि हलवूही नये. यंदा तर अधिक ज्येष्ठ आलाय, 17 मे ते 15 जून, म्हणजे लग्नं बंद, वरातीच्या घोड्या घरीच. मला हाच महिना सगळ्यात जास्त आवडतो.

रोज सकाळी सहाला एका काकांच्या तबेल्यात जातो. पहिले तीन दिवस कॅमेरा बॅगेतच ठेवला, नुसता बसून राहिलो. त्यांची पांढरी घोडी आहे, राणी, सीझनमध्ये रात्ररात्र बँडसमोर उभी असते. खरारा (ब्रशनं अंग घासणं) सुरू झाला की तिचा खालचा ओठ सैल पडतो, मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवून ती अर्धवट डोळे मिटते, पण एक कान मात्र काकांच्या हाताबरोबर फिरत असतो, हात मानेवर आला की कान तिकडं, पाठीवर गेला की मागं. चौथ्या दिवशी फोटो काढला. पांढरं जनावर कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडलं तर राखाडी येतं, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवावा लागतो. काकांना प्रिंट दिली तर बराच वेळ बघतच राहिले, झूल आणि गोंड्यांशिवाय तिचा एकही फोटो त्यांच्याकडं नव्हता.

त्यांनीच मला माझी चूक दाखवली. मागच्या वर्षी आषाढी वारीत, माऊलींच्या पालखीच्या खुडूसच्या रिंगणात मी भरपूर फ्रेम्स मारल्या, माऊलींचा अश्व चारही पाय पोटाखाली घेऊन हवेत, हे क्षण मला अगदी धारदार मिळाले, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर होता, आणि तरी एकही फोटो भिंतीवर लावावासा वाटला नाही. लॅपटॉपवर काकांना दाखवले तर म्हणाले, "पायाकडं काय बघायलाव, कान बघा की." खरंच होतं. प्रत्येक चांगल्या फ्रेममध्ये कान मागं पडलेले नाहीतर पताकेआड गेलेले. घोड्याचं लक्ष जिथं असतं तिथं कान आधी जातो, डोळा आणि मान नंतर. विक्रीचे फोटो काढताना हे मी कटाक्षाने सांभाळतो, लांब उभं राहून 200 मिमीच्या लेन्सनं, कॅमेरा पोटाच्या उंचीला ठेवून (मोबाईलनं जवळून काढलं की डोकं मोठं आणि मागचा भाग बारका दिसतो, आणि त्यात मालकाचं नुकसान होतं), कुणाला तरी चण्याची पिशवी वाजवायला सांगून कान पुढं झाले की क्लिक. मारवाडी असेल तर समोरूनही एक काढतो, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली दिसली पाहिजेत. रिंगणात मात्र टापांच्या आवाजानं मी हे सगळं विसरलो.

तर यंदाचं प्लॅनिंग. मागच्या वर्षी आषाढी 6 जुलैला होती, यंदा अधिकामुळं 25 जुलैला आहे, म्हणजे धूळ कमी आणि पाऊस जास्त धरून चाललोय, रेनकव्हर घेतलंय. पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवा तिन्ही रिंगणांना जाणार, पण पुरंदवड्याला फक्त बघणार. कर्नाटकातल्या अंकलीहून चालत आळंदीला आणि तिथून इथपर्यंत आलेला अश्व रिंगणात शिरताना कान कुठं लावतो, ते बघायचंय. खुडूसला वळणाच्या आत बसायची जागा मिळाली तर बरं. रिंगण झाल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, त्या हातांचेही यावेळी काढायचेत, आजवर मी त्या वेळेला कार्ड बदलत बसायचो.

अकलूजला दिवाळीत विक्रीचं काम आहेच, त्याची वेगळी तयारी लागत नाही.

उद्या सकाळी सहाला परत तबेल्यात. नालबंद येणार आहे, राणीचे नाल बदलायचेत, आणि पाय उचलून घेतला की तिचे दोन्ही कान कुठं जातात ते मी अजून बघितलेलं नाही.