तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे रटाळ रहस्यपट बघता तरी कशाला?

‘पात्रं खांबासारखी उभी राहून बोलतात, आवाजात खरखर, खुनी अर्ध्यातच ओळखू येतो. मग १९२८-३०चे हे बोलपट बघता तरी कशाला?’ हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदाच काय ते सांगून टाकतो. ‘जुनं ते सोनं’ हे माझं उत्तर नाही. यातलं बरंचसं पितळच आहे.

खांबाचं म्हणाल, तर दोष नटांइतकाच माइकचा. तो फुलदाणीत नाहीतर पडद्यामागे दडवलेला असायचा. तोंड फिरवलं की वाक्य गेलं. कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघंही काचेच्या खिडकीच्या बंद खोक्यात. खोकं हलणार कसं? पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही, कारण संवादांत ते मागाहून मिसळायचं तर आवाज पुन्हा मुद्रित करावा लागे आणि त्यात तो खराब होई. म्हणून दोन वाक्यांमध्ये नुसतं सूंऽऽ ऐकू येतं.

आता ‘द थर्टीन्थ चेअर’ घ्या. १९२९, हॉलिवूडची एमजीएम कंपनी, दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग. ‘ड्रॅक्युला’ चित्रपटाच्या आधीचा नट बेला लुगोसी यात पोलीस इन्स्पेक्टर आहे. मूळ नाटक १९१६चं. चित्रपटात गोष्ट कलकत्त्यात घडते, पण ते कलकत्ता स्टुडिओत उभारलेलं. मृतात्म्यांना बोलावण्याची बैठक भरते, माणसं गोल बसून एकमेकांचे हात धरतात, दिवे जातात आणि पडदा काळा होतो. मंद प्रकाश नाही, सावल्या नाहीत. फक्त आवाज. मघापर्यंत ज्यांचं ठोकळेबाज बोलणं डोक्यात जात होतं, तीच माणसं आता नुसत्या आवाजावरून ओळखायची: कोण कुठे बसलंय, कोण घाबरलंय, कुणाचा आवाज बराच वेळ आलाच नाही. मूकपटाला हे जमलंच नसतं. दिवे लागतात तेव्हा एक माणूस मेलेला असतो, आणि आपण साक्षीदार असूनही काही पाहिलेलं नसतं.

ही दिग्दर्शकाची करामत, की रंगमंचावरची युक्ती तशीच उचलली? पूर्वी मी ‘करामत’ असं ठासून सांगायचो. आता तेवढ्या जोरात सांगवत नाही. पुढची सगळी उलटतपासणी दिवाणखान्यातच बसून राहते, तिचं खापर माइकवर किती फोडणार?

पण हा काळा पडदा बहुतेकांनी धड बघितलेलाच नसतो. वाईट प्रतीत तो राखाडी असतो, ओरखड्यांनी भरलेला. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये काळ्यात चौकोन वळवळतात. खरखर काढायचा फिल्टर कडक लावला असेल तर तिच्याबरोबर श्वास आणि कापडाची सळसळही जाते, आणि या प्रसंगात तर तेच ऐकायचं असतं. म्हणून हेडफोन लावा, टीव्हीचं नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) आणि अंधारात आपोआप प्रकाश कमी करणारी सोय बंद करा, खर्ज (बेस) थोडा उतरवा. खरखर राहू द्या. पाच मिनिटांत कान सरावतो.

या काळातला कुठलाही बोलपट लावण्याआधी चौकटही तपासा. फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी आली तेव्हा चित्र अरुंद होऊन जवळजवळ चौरस झालं, रुंदी-उंचीचं प्रमाण १.१९:१. १९३२मध्ये १.३७:१ हे माप ठरलं, आणि त्या मापात बसवलेल्या प्रतींत जुन्या चित्राचं वरचं-खालचं छाटलं जातं. उभ्या माणसांची कपाळं सतत उडालेली दिसली तर कॅमेरामनला शिव्या देऊ नका, दुसरी प्रत शोधा. लांबीही बघा: सेकंदाला २४ चौकटी म्हणजे मिनिटाला ९० फूट, तेव्हा ६,४८० फुटांचा चित्रपट ७२ मिनिटं चालायला हवा. तो ६९ मिनिटांत संपला, तर बहुधा सेकंदाला २५ चौकटींच्या वेगानं व्हिडिओवर उतरवलाय. सगळ्यांचे आवाज किंचित चढे लागतील. त्याहून बराच लहान असेल, तर कापलाय.

एवढं करूनही कंटाळा आला तर येऊ द्या. लुगोसीची लांबण मलाही सोसत नाही. ती पुढे ढकललीत तरी चालेल, बैठक मात्र ढकलू नका.