उजव्या कानाचे माप

पहिले तीन आठवडे मी चुकीच्या टोकापासून काम करत होते, हे आधीच सांगून टाकते. हवे तसे जुळवून घेता येणारे इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, मी घेतले होते. त्यासोबत नोझलवर, म्हणजे ध्वनी बाहेर पडतो त्या तोंडावर, फिरवून बसवायचे जाळीचे तीन फिल्टर, कानात शिरणाऱ्या मऊ टोप्यांच्या म्हणजे टिपांच्या सिलिकॉनच्या पाच आणि फोमच्या दोन जोड्या, कानामागून वळवायची सुटी होणारी केबल असे बरेच काही आले होते, आणि फोनमध्ये खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारा दहा पट्ट्यांचा इक्वलायझर होताच. इतके पर्याय एकदम हाती आले की माणूस त्यांतल्या सर्वांत सोप्या पर्यायाकडे आधी वळतो. मीही तेच केले आणि रोज रात्री अंगठ्याने इक्वलायझरच्या पट्ट्या वरखाली सरकवत बसू लागले.

तक्रार अशी होती की तबल्याचा डग्गा डाव्या कानात भरीव आणि घुमारदार वाजत असे, तर उजव्या कानात तोच डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटे मारल्यासारखा कोरडा वाटे. गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध न राहता किंचित डावीकडे सरके, आणि तानपुऱ्याच्या खर्जाची तार तर उजवीकडे जवळजवळ नाहीशीच होई. मी ६२ हर्ट्झची पट्टी चार डेसिबलने वाढवली, मग सहाने वाढवली. सहा डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यातली शक्ती चौपट होते, हे मला ठाऊक होते, तरीही मी हात आवरला नाही. परिणाम इतकाच झाला की डावीकडचा डग्गा ढोल झाला, उजवीकडचा होता तसाच राहिला आणि मोठ्या आवाजात दोन्ही बाजू फाटू लागल्या.

उलगडा झाला तो अपघाताने. केस सारखे करताना उजव्या इअरफोनवर बोट दाबले गेले आणि त्या दोन क्षणांपुरता उजवा कान एकदम भरून आला. बोट काढले की पोकळ, दाबले की भरीव! मी ते दहा-बारा वेळा करून पाहिले आणि इक्वलायझर बंद करून टाकला. ध्वनीत काही बिघाड नव्हताच, माझा उजवा कान नीट बंद होत नव्हता.

इन-इअरमधला बास, म्हणजे खालचे सूर, तयार होतो कसा, हे समजले की यात आश्चर्य उरत नाही. खोलीतल्या स्पीकरला खूप मोठ्या प्रमाणावर हवा हलवावी लागते, परंतु कानात बसलेल्या छोट्या पडद्याला फक्त टिप आणि कर्णपटल यांच्यामध्ये कोंडलेली घन सेंटीमीटरभर हवा दाबायची आणि सोडायची असते. ती हवा कोंडलेली असेल तोवर अगदी खालच्या सुरापर्यंत दाब टिकतो. टिपेच्या कडेला केसाएवढी फट राहिली, तर संथ गतीने बदलणारा दाब त्या फटीतून निसटून जातो, वेगाने बदलणाऱ्या वरच्या सुरांना मात्र तेवढी सवड मिळत नाही. म्हणूनच फट असलेला कान बास गमावतो आणि ट्रेबल राखतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की इअरफोनच कर्कश आहे. अशा गळतीवर इक्वलायझरने बास वाढवणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीखाली नळ मोठा सोडणे आहे.

मग टिपांचे काम सुरू झाले, आणि या सगळ्या खटाटोपात खरा वेळ त्यालाच लागला. दोन्ही कानांना एकाच मापाची टिप लागते, असे मी गृहीत धरले होते, कारण त्या पाकिटात जोडीनेच येतात. प्रत्यक्षात कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, दोन ठिकाणी वळलेली आणि सहसा लंबगोल असते. तिचा बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा म्हणून लवचीक आणि आतला हाडाचा म्हणून अतिशय नाजूक असतो. शिवाय डावी-उजवीकडच्या नळ्या एकमेकींसारख्याच असतील असेही नाही. मी ५० हर्ट्झचा एकच सूर संथपणे वाजत ठेवला आणि एकेका कानात एकेक टिप घालून, बोटाने हलके दाबल्यावर आवाज वाढतो का ते पाहत गेले. दाबल्याने फरक पडला तर फट आहे आणि पडला नाही तर कान बंद झाला आहे, इतकी साधी ही कसोटी होती. डाव्या कानात मध्यम माप पहिल्याच फटक्यात बसले. उजव्या कानात मध्यम गळत होती. मोठी टिप बंद होत होती खरी, पण वीस मिनिटांत ठणकू लागे आणि जांभई दिली की पुन्हा सुटे.

घालण्याच्या पद्धतीनेही बराच फरक पडला. पूर्वी मी इअरफोन सरळ आत ढकलत असे. आता विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढून धरते, म्हणजे नळीचे पहिले वळण थोडे सरळ होते, आणि मग इअरफोन किंचित पुढच्या बाजूला फिरवत आत बसवते. फोमची टिप असेल तर ती बोटांत वळून सुरकुती न पडू देता बारीक करावी लागते आणि आत गेल्यावर ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी लागते. सुरुवातीला मी ती पाचच सेकंदांत सोडत असे. त्यामुळे फोम फुगताना स्वतःच बाहेर सरके आणि मी दोष फोमला देई. केबल कानामागून नेऊन हनुवटीखालची सरकती कडी वर ओढली, तेव्हा शर्टाला केबल घासण्याचा खरखराट थांबला आणि तिचे वजन टिपेला खाली खेचेनासे झाले. उजव्या कानाच्या गळतीत त्या खेचण्याचाही वाटा होता, हे मला तोपर्यंत सुचलेच नव्हते.

शेवटी डाव्या कानात मध्यम सिलिकॉन आणि उजव्या कानात मोठा फोम अशी विजोड जोडी ठरली. दिसायला ती विचित्र होती, पण डग्गा दोन्हीकडे सारखा घुमू लागला आणि गायक मधोमध येऊन उभा राहिला. मात्र फोम वरचे सूर थोडे शोषून घेतो, त्यामुळे उजवी बाजू आता जरा मऊ वाटू लागली. दोन्हीकडे फोम लावून पाहिले तेव्हा समतोल साधला, आणि मग सोबतच्या तीन फिल्टरांपैकी सर्वांत मोकळ्या जाळीचा फिल्टर लावून फोमने खाल्लेला उजेड परत मिळवला.

फिल्टरांविषयी याहून जास्त सांगण्यासारखे फार नाही. नोझलमधली जाळी जितकी घट्ट, तितकी ती मधल्या सुरांच्या वरच्या भागातली उसळी दाबते. उघड्या कानाची नळी स्वतःच सुमारे ३ किलोहर्ट्झच्या आसपासचे सूर वाढवते आणि मेंदूला त्याची सवय झालेली असते, म्हणून इन-इअरमध्येही तिथे उंचवटा ठेवावाच लागतो. तो किती असावा, एवढाच प्रश्न फिल्टर सोडवतो. बासचा म्हणून दिलेला फिल्टर प्रत्यक्षात बास वाढवत नव्हता, बाकीचे सूर दाबून बास पुढे आणत होता. फिल्टर बदलताना त्याच्या तळाचे इवलेसे रबरी कडे गादीवर पडले आणि ते शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून पुढे ते काम मी पांढऱ्या ताटात करू लागले.

कान बंद झाल्यावरच मी इक्वलायझरकडे पुन्हा वळले. दहा पट्ट्यांचा इक्वलायझर ३१, ६२, १२५ असे दुपटीने चढत १६ किलोहर्ट्झपर्यंत ठरलेल्या जागीच काम करतो, आणि माझी अडचण त्या जागांच्या मधे होती. काही गायिकांच्या ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांना सुरीसारखी धार येत असे. मी ५ ते १० किलोहर्ट्झच्या दरम्यान एकच सूर हळूहळू वर नेत गेले, तेव्हा एका ठिकाणी तो शिट्टीसारखा टोचू लागला. डावीकडे ती जागा ८ किलोहर्ट्झच्या जराशी वर होती, उजवीकडे साडेसातच्या खाली. टिपेने बंद केलेल्या नळीत उरलेल्या हवेच्या लांबीवर ही उसळी ठरते. टिप खोल गेली की लांबी कमी होते आणि उसळी वर सरकते. म्हणून मी पॅरामेट्रिक इक्वलायझर घेतला, ज्यात वारंवारता, प्रमाण आणि पट्ट्याची रुंदी हे तिन्ही आपल्या हाती असतात, आणि दोन्ही कानांना वेगवेगळ्या जागी चार डेसिबलचा अरुंद खड्डा दिला, म्हणजे तेवढेच सूर कमी केले. खालच्या सुरांना दोन डेसिबल वाढवले आणि एकूण पातळी तेवढीच खाली घेतली, नाहीतर मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनी कापला जातो.

इअरफोन कोणता सूर किती मोठा वाजवतो हे दाखवणाऱ्या तयार आलेखांवर डोळे मिटून विसंबून राहायचे नाही, हेही याच काळात मी शिकले. ध्वनी-उपकरणे बनवणाऱ्या हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून इन-इअरसाठी जो लक्ष्य-आलेख, म्हणजे आवाज कसा असावा याचा आलेख, काढला, तो सुरुवात करण्यासाठी मला फार उपयोगी पडला. परंतु असे आलेख सरासरी कानासारख्या बनवलेल्या मापन-नळीवर घेतलेले असतात, आणि त्यांत ८ किलोहर्ट्झजवळ दिसणारी उसळी बहुतांशी त्या नळीची आणि त्यात इअरफोन किती खोल बसवला आहे त्याची असते. माझी उसळी तिथे नव्हती. ती आलेखावरून कापली असती, तर बरोबर जागेशेजारीच खड्डा पडला असता.

तुलना करताना आणखी एक फसगत होते. दोन मांडण्यांपैकी जी एखाद्या डेसिबलनेही मोठी वाजते, ती आपल्याला चांगली वाटते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले होते की आवाज जितका लहान, तितके आपले कान खालच्या सुरांना कमी दाद देतात. त्यामुळे रात्री हळू आवाजात केलेली मांडणी सकाळी मोठ्या आवाजात हमखास बोजड वाटे. मग मी नेहमी ऐकते ती एकच पातळी ठरवली आणि सगळे निर्णय तिच्यावरच घेतले. कान नीट बंद झाल्यावर ती पातळी पूर्वीपेक्षा बरीच खाली आली, कारण बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी आवाज चढवण्याची गरज उरली नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तास इतकी सांगते, आणि मी रोज पाच-सहा तास ऐकत असल्याने हा हिशेब मला लागू होता.

सहा महिन्यांनी फोमच्या टिपा कडक पडू लागल्या आणि दर थोड्या दिवसांनी त्या बदलण्याचा कंटाळा आला, म्हणून त्याच इअरफोनवर बसणाऱ्या, कानाच्या मापाच्या सिलिकॉन टिपा करून घ्यायचे ठरवले. श्रवणतज्ज्ञांनी आधी कानात दिवा घालून पाहिले, मळ काढला, मग दोरा बांधलेला स्पंजाचा बारीक बोळा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवला आणि पिचकारीने गार, मऊ लगदा भरला. भरताना कानात पाण्याखाली गेल्यासारखी शांतता दाटून आली. “दाताखाली हा ठोकळा धरा, आणि मी सांगेपर्यंत तोंड मिटू नका,” असे त्यांनी बजावले. जबडा उघडताना त्याचा सांधा कानाच्या नळीचा आकार बदलतो, त्यामुळे तोंड मिटून घेतलेले माप बोलताना किंवा गाताना सुटू शकते. जांभई दिल्यावर माझी उजवी टिप का सुटत होती, ते त्या ठोकळ्याने मला समजले. पाच मिनिटांनी साचा बाहेर निघाला तेव्हा दोन्ही साचे शेजारी ठेवून पाहिले. डावा जवळजवळ सरळ होता. उजव्याला मधोमध चांगलीच कंबर होती आणि पुढचे टोक वरच्या बाजूला वळलेले होते.

तयार होऊन आलेल्या टिपांपैकी डावी उत्तम बसली. उजवी मात्र कानाच्या पुढच्या छोट्या उंचवट्याखाली टोचत होती. बनवणाऱ्यांनी आधी “सवय होईल” असे कळवले, तेव्हा मी लाल झालेल्या जागेचे छायाचित्र आणि ती किती मिनिटांनी लाल होते याची नोंद पाठवली. मग त्यांनी नवे माप मागितले. श्रवणतज्ज्ञांनी ते पुन्हा घेतले आणि दुसरी टिप बरोबर आली. आता चालताना स्वतःची पावले डोक्यात धपधप वाजत नाहीत, कारण टिप हाडाच्या भागापर्यंत पोहोचते आणि बंद कानात घुमणारा आपलाच आवाज त्यामुळे बराच कमी होतो.

टिप खोल गेल्यामुळे ती टोचणारी उसळीही सरकली. जुन्या दोन खड्ड्यांपैकी एकही आता योग्य जागी नव्हता, आणि ‘स’ला पुन्हा धार आली होती. मी दोन्ही खड्डे पुसले, ५ किलोहर्ट्झपासून सूर पुन्हा वर न्यायला सुरुवात केली आणि उजवीकडे तो ९ च्या जवळ आल्यावर टोचला.