आईचं नाव पलटणीच्या कागदावर

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तेरावं उरकलं आणि दोन दिवसांनी मी त्यांची काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. १९९५ साली लष्करातून हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा हीच ट्रंक घेऊन ते आधी कोरेगाव तालुक्यातल्या गावी गेले आणि तिथून भांडुपला आले. पुढची सोळा वर्षं त्यांनी फोर्टात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहून काढली. ट्रंकेत डिस्चार्ज बुक होतं, पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश होता, मेडल्स एका रुमालात बांधलेली होती.

फॅमिली पेन्शनचं काम महिन्याभरात होईल असा माझा समज होता. आण्णांच्या पीपीओवर पत्नीच्या नावाची नोंद निवृत्तीच्या वेळीच झालेली होती. अशी नोंद असली की पेन्शनरच्या निधनानंतर मृत्यूचा दाखला, आधार, पॅन आणि बँकेचा तपशील दिला की पत्नीची पेन्शन सुरू होते. हे सगळं आता स्पर्श या संगणकीय प्रणालीवरून चालतं. आण्णा जानेवारी २०२४ मध्ये गेले, त्याच महिन्यात आम्ही स्पर्शवर कळवलं. ठरल्याप्रमाणे त्यांची पेन्शन थांबली.

आईची मात्र सुरू झाली नाही. पीपीओवर पत्नीचं नाव होतं सुमन. माझ्या आईचं नाव शालिनी. आधार, पॅन, रेशन कार्ड, बँक, लाइट बिल, सगळीकडे शालिनी.

मराठी घरात याचं नवल वाटायचं कारण नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात आण्णांनी अंगठीने ‘शालिनी’ लिहिलं आणि त्या दिवसापासून सुमन हे नाव फक्त आजोळी उरलं. मामा अजूनही तिला सुमी म्हणतो. लग्न झालं मे १९७८ मध्ये. आण्णा रजा संपवून पलटणीत परतले. तिथे लग्नाची नोंद करायला पुरावा लागतो, म्हणून त्यांनी दाखला नेला होता, तो आईच्या माहेरच्या सरपंचाचा. त्यात अर्थातच माहेरचं नाव होतं. क्लार्कने दाखला बघून नोंद केली आणि पार्ट टू ऑर्डर निघाली.

ही पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय, ते जवानाच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवं. जवानाचं लग्न, मुलाचा जन्म, घरातला मृत्यू, घटस्फोट, असं काहीही घडलं की त्याची नोंद या आदेशात होते आणि तिथून ती रेकॉर्ड ऑफिसात जाते. आण्णांच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. कुटुंबाला मिळणारी प्रत्येक गोष्ट, रेल्वेचं वॉरंट, क्वार्टर, दवाखाना, पेन्शन, याच नोंदीवरून ठरते. नोंद करायची ती जवानाने. घरी बसलेल्या बाईला तिच्याबद्दल काय लिहिलं गेलंय हे बघायची वेळच येत नाही. आई लग्नानंतर सतरा वर्षं फौजीची बायको होती. त्यातली जेमतेम तीन वर्षं ती आण्णांबरोबर क्वार्टरमध्ये राहिली, कारण फील्ड एरियात, म्हणजे सरहद्दीकडच्या तैनातीत, कुटुंब नेता येत नाही आणि शांततेच्या ठिकाणी, पीस स्टेशनवरही जवानांसाठी क्वार्टर कमी असतात, नंबर लागेपर्यंत बदली येते. बाकीची वर्षं ती गावी, सासूसासऱ्यांजवळ. आण्णा वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस कॅज्युअल, तीही तुकड्यातुकड्याने मिळाली तर, एवढेच घरी. या काळात पलटणीच्या कागदावर सुमन राहत होती आणि घरात शालिनी.

फेब्रुवारीत आईला घेऊन मी एका सेवा केंद्रात गेले. टेबलामागच्या मुलाने स्क्रीनवर बघितलं, आईच्या आधारकडे बघितलं आणि म्हणाला, “यांची पहिली बायको सुमन कुठं आहे?”

आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “शेहेचाळीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.” तो मुलगा वाईट नव्हता, त्याला समोर जे दिसलं ते त्याने विचारलं. पण नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि ती दुसरीच कुणीतरी आहे असं तिला ऐकावं लागलं. मला तो प्रसंग अजून गिळता आलेला नाही.

रस्ता दाखवला तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी. हे स्वतः माजी सैनिक असतात. त्यांनी डिस्चार्ज बुक हातात घेऊन आधी पलटण कुठली ते पाहिलं, मग उठून आईला खुर्ची दिली. “वहिनी, आपल्याकडच्या चार केसमागे एक अशीच असते. लग्नात नाव बदलायची आपली रीत, आणि कागदाला ती कळत नाही. होईल. वेळ लागेल, पण होईल.” मग कोऱ्या कागदावर त्यांनी यादी लिहून दिली. काम होईपर्यंत तो कागद माझ्या पर्समध्ये होता.

पहिलं, सुमन आणि शालिनी या एकच व्यक्ती आहेत असं प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. नोटरीचं चालेल का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, नको, नंतर परत येईल. मुलुंडच्या कोर्टात त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. दुसरं, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक मराठी आणि एक इंग्रजी. जाहिरातीत आण्णांचा आर्मी नंबर आणि हुद्दा घालायचा, हे त्यांनी अधोरेखित करून सांगितलं होतं, तरी पहिल्या वेळी मी विसरले आणि मराठी जाहिरात पुन्हा द्यावी लागली. तिसरं, राजपत्र. महाराष्ट्रात नावबदलाची सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये येते. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण आमचा एक कागद स्पष्ट दिसत नव्हता म्हणून मी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात जाऊन चौकशी केली. जुन्या नावाच्या रकान्यात एक अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून अर्ज पाठवायच्या आधी मी आईकडून तो मोठ्याने वाचून घेतला. ती चौथी शिकलेली आहे, पण बोट ठेवून प्रत्येक अक्षर वाचलं.

चौथं, सुमन हे नाव खरंच तिचं होतं याचा पुरावा. त्यासाठी खटाव तालुक्यातल्या तिच्या शाळेचा दाखला. मी एसटीने गेले. मुख्याध्यापकांनी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई फिकी झालेली, पण नाव होतं. सुमन, वडिलांचं नाव, आडनाव, जन्म १९५९. दाखला तासाभरात हातात मिळाला. जन्मतारखेचाही घोळ होता, आधारवर नुसती एक जानेवारी पडली होती. या दाखल्यावरून ती दुरुस्त झाली, त्यात फार वेळ गेला नाही.

माहेरी आणि सासरी नाव वेगळं असल्याचं पत्र दोन्ही ग्रामपंचायतींकडून घेतलं. हे यादीत नव्हतं. संघटक म्हणाले, “असू द्या, जड फाइल हलकी पडत नाही.” त्यांचं बरोबर निघालं.

कागद जमवताना ट्रंक पुन्हा एकदा तळापर्यंत उपसली. गणवेशाच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर होता, २०११ चा, आईच्या नावे घेतलेला. त्यावर टाइप केलेला मजकूर होता: माझी पत्नी सुमन हिचेच विवाहानंतरचे नाव शालिनी आहे. खाली सही नव्हती. सोबत ईसीएचएसचा अर्धा भरलेला अर्ज.

माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे. कार्ड काढा म्हणून मी आण्णांच्या मागे लागायचे. ते म्हणायचे, मेडिकल भत्ता मिळतोय ना, बघू पुढे. आता कळलं, ते गेले होते, नाव जुळत नाही म्हणून परत आले होते, दुरुस्तीला सुरुवातही केली होती. २०११ हे वर्ष आमच्या घरात धाकट्या भावाच्या अपघाताचं. त्यात ते राहून गेलं असणार. पुढे तेरा वर्षं ते होते, आणि तो पेपर ट्रंकेत होता. मी त्यांच्यावर रागावले, रडले, आणि मग आईला दाखवावा की नाही यावर चार दिवस घालवले. दाखवला. तिने पेपर उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “म्हणजे त्यांना ठाऊक होतं?” मग म्हणाली, “बरं झालं. मला वाटलं होतं, त्यांनी लक्षच दिलं नाही.”

जवान हयात असताना तो स्वतः अर्ज करतो, स्वतः सही करतो, आणि रेकॉर्ड ऑफिसला त्याच्या बायकोचं नाव सांगणारा माणूस तोच असतो. तो गेल्यावर बायकोला आधी आपण कोण हे सिद्ध करावं लागतं आणि मग नाव. ज्यांच्या घरी पेन्शनर आहेत त्यांनी आज संध्याकाळी पीपीओ काढावा आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग आधारशी ताडून बघावं, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

आमच्या फाइलमध्ये सगळ्यात उपयोगी पडला तो मात्र जुनाच कागद. १९९५ मध्ये पेन्शन ड्रिलच्या, म्हणजे निवृत्तीआधीच्या कागदपत्रांच्या, वेळी आई बेळगावला गेली होती. तेव्हा दोघांचा जोडफोटो काढून डिस्क्रिप्टिव्ह रोलवर, म्हणजे ओळख पटवणाऱ्या कागदावर, लावला होता आणि खाली पत्नीच्या सहीचा नमुना घेतला होता. त्याची एक प्रत ट्रंकेत होती. वर इंग्रजीत टाइप केलंय ‘सुमन’, आणि खाली तिच्या वळणदार मराठी अक्षरात सही आहे, ‘सौ. शालिनी’. एकोणतीस वर्षं ती दोन्ही नावं एकाच पानावर एकमेकांखाली होती. संघटकांनी ती प्रत फाइलच्या अगदी वर लावली.

ऑगस्टमध्ये फाइल बेळगावला गेली. बेळगावहून एकदा फोन आला, सहीच्या नमुन्याची खातरजमा करायला. बोलणाऱ्या साहेबांनी आईशी मराठीत बोलून चौकशी केली, आण्णांच्या कंपनीचं नाव विचारलं. तिला आठवलं. नोंद दुरुस्त झाल्यावर प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे गेलं आणि तिथून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ निघाला. डिसेंबरात स्पर्शवर आईच्या नावाने खातं दिसू लागलं.

पेन्शन किती, हे अनेक जण विचारतात. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सात वर्षं किंवा पेन्शनरच्या वयाची ६७ वर्षं होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो. आण्णा ७१ चे होते, म्हणून आईला सुरुवातीपासून साधा दर लागला, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के हिशेबाने. त्यावर वन रँक वन पेन्शनचा (सारखा हुद्दा आणि सारखी सेवा, तर सारखी पेन्शन) फरक आणि महागाई भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर मूळ फॅमिली पेन्शन ९,००० रुपयांच्या खाली जात नाही. आण्णांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी एकदम जमा झाली. अकरा महिने घर माझ्या आणि भावाच्या पगारावर चाललं, आम्हाला ते जमलं. ज्या बाईला मुलं नाहीत किंवा मुलं विचारत नाहीत, तिने या अकरा महिन्यांत काय खावं, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता. नावाची तपासणी चालू असेपर्यंत निदान थोडी तात्पुरती रक्कम मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

थकबाकी आली त्या दिवशी आईने पासबुक भरून आणायला सांगितलं. मग तिने दोन गोष्टी केल्या. गावच्या शाळेसाठी थोडे पैसे वेगळे काढले, कारण त्यांनी रजिस्टर जपलं होतं. आणि तो २०११ चा अर्धा भरलेला ईसीएचएसचा अर्ज पुढे ठेवून म्हणाली, हा आता भर. तो जुना नमुना चालणार नव्हता, अर्ज ऑनलाइनच करावा लागला, पण मी तिच्यासमोर बसून केला. नावाच्या रकान्यात शालिनी टाइप केलं तेव्हा ती चष्मा लावून जवळ आली आणि स्पेलिंग तपासलं. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. कार्ड हातात आलं की आधी ईसीएचएसच्या दवाखान्यात, पॉलिक्लिनिकमध्ये, डोळे दाखवायचे, असं आमचं ठरलंय.